किसने खडा किया?

निवडणुकीचा मोसम आला की आमच्या मोहल्ल्यात दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. एखाद्या बड्या पक्षाचा उमेदवार उभा राहिला की लोक विचारतात, "कितना लगाएगा?" आणि आपल्यातलाच एखादा साधा माणूस उभा राहिला की विचारतात, "किसने खडा किया?" पहिल्या प्रश्नात कुतूहल असतं, थोडी आशाही असते. दुसऱ्या प्रश्नात निव्वळ संशय असतो. ज्याच्या घरात महिनाअखेरीस उधारीवर साखर येते, तो विधानसभेला उभा राहतोच कसा? नक्कीच कुणीतरी मागे असणार, कुणाची तरी मतं खायला त्याला उभं केलेलं असणार. गरीब माणूस स्वतःच्या पायांवर उभा राहू शकतो यावर गरिबांचाच विश्वास उरलेला नाही. लोकशाहीची याहून मोठी हार आम्हाला दुसरी दिसत नाही.

वाचकहो, आम्ही शाळामास्तर. नोकरीत असताना अनेक निवडणुकांत मतदान केंद्रावर ड्युटी केली. पेट्या सांभाळल्या, पुढे यंत्रं सांभाळली, बोटांना शाई लावली. पण निवडणुकीला पैसा कुठून लागतो आणि कुठे मुरतो, हे केंद्रावर बसून कळत नाही. ते कळलं 2009 साली. तेव्हा आम्हाला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. सरकारी नोकराला उमेदवाराचा निवडणूक प्रतिनिधी होता येत नाही, पेन्शनरला येतं. आमचे एक शाळासोबती विधानसभेला अपक्ष उभे राहिले आणि त्यांनी त्यांच्या खर्चाची वही आमच्या हातात दिली. "मास्टरसाब, आपने जिंदगीभर बच्चों के नंबर जोडे, अब मेरे पैसे जोडो," असं म्हणाले.

त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान. तालुक्यातल्या निम्म्या विहिरींच्या मोटारी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. कोणत्या गावाला पाणी किती खोल गेलंय, हे त्यांना तहसीलदारापेक्षा अधिक ठाऊक. उन्हाळ्यात आमच्या वस्तीला आठ-आठ दिवसांनी नळ येई. त्यासाठी त्यांनी मोर्चे काढले, अर्ज केले, नगरपालिकेच्या पायऱ्यांवर बसले. शेवटी कुणीतरी म्हणालं, अर्ज किती दिवस देणार, आता अर्ज घेणारे व्हा. त्यांनी ते मनावर घेतलं. बायकोच्या नावावरचा दीड गुंठ्याचा प्लॉट विकला आणि उमेदवारी भरली.

त्या वेळी विधानसभेची अनामत रक्कम 5 हजार होती, 2010 पासून ती 10 हजार झाली. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. खर्चाची कमाल मर्यादा तेव्हा 10 लाख होती. आमच्या मित्राने विचारलं, "दस लाख खर्च करनाही पडता क्या?" आम्ही म्हटलं, नाही, ती वरची हद्द आहे. ते हसले. "फिर ठीक है. हम तो नीचे की हद में रहेंगे."

पुढे तीन आठवडे आम्ही रोज रात्री इशानंतर वही घेऊन बसायचो. पहिलाच खर्च मतदारयादीचा. 2003 साली कायद्यात दुरुस्ती होऊन उमेदवारांना मतदारयादी मोफत मिळू लागली, पण ती फक्त मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना. अपक्षाने विकत घ्यायची. ज्याच्यापाशी कोटी आहेत त्याला यादी फुकट आणि ज्याने प्लॉट विकला त्याने पैसे मोजायचे. मग दोन भाड्याच्या जीप, भोंगा लावलेल्या तीन रिक्षा, पत्रकं, पोस्टर, चहा, वडापाव. सरकारी दरपत्रकात चहाच्या कपाचाही दर ठरलेला असतो. त्या दराने हिशेब लिहायचा आणि खर्च निरीक्षकांपुढे वही न्यायची. मोठ्या उमेदवारांच्या वह्याही तिथेच येत. वरच्या दर्जाच्या कागदाच्या, टाईप केलेल्या आणि आमच्या वहीपेक्षा फार थोड्या मोठ्या आकड्यांच्या. ज्यांच्या सभेला दीडशे गाड्या आम्ही डोळ्यांनी मोजल्या, त्यांच्या वहीत गाड्या अकरा. आकडा कागदावर बसला की तो खरा, असा त्या वहीचा कायदा.

सगळ्यात जड गेला तो मतदानाचा दिवस. मतदारसंघात पावणेतीनशेच्या वर केंद्रं. प्रत्येक केंद्रावर एक पोरगा आत आणि एक बाहेर टेबलावर बसवायचा तर साडेपाचशे पोरं हवीत, त्यांना जेवण हवं, येण्याजाण्याचं भाडं हवं. आमचे पैसे दीडशे केंद्रांवरच संपले. उरलेल्या केंद्रांवर आमच्या उमेदवाराचं नाव यंत्रावर होतं, पण ते सांगायला माणूस नव्हता.

मतदानाच्या आठ दिवस आधी एक गृहस्थ दुकानात आले होते. कुणाचे ते इथे लिहीत नाही. खुर्ची ओढून बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "आप बस डटे रहो. गाडी, पोस्टर, पोलिंग का खर्चा, सब हमारी तरफ से. आपको जीतना थोडी है." अर्थ उघड होता. आमच्या वस्तीतली मतं त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला जाऊ नयेत, एवढंच त्यांना हवं होतं. आमच्या मित्राने चहाचे पैसे स्वतः दिले आणि त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत गेले. परत येऊन म्हणाले, "मास्टरसाब, वही में लिखो. चाय दो कप."

निकाल लागला. साडेसहा हजारांच्या आत मतं पडली. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर अनामत जप्त होते, तशी ती झाली. सगळा खर्च 2 लाख 87 हजार. निकालानंतर तीस दिवसांच्या आत आम्ही हिशेब दाखल केला, कारण तो न दिल्यास तीन वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला बंदी येते. हे सारं सोसण्यासारखं होतं. न सोसण्यासारखं झालं ते पुढच्याच जुम्म्याला. मशिदीच्या पायऱ्यांवर चपला घालता घालता कुणीतरी म्हणालं, "आदमी अच्छा था, लेकिन पैसे खाके खडा हुआ." ज्या पैशाला त्याने हात लावला नाही, त्या पैशाचा डाग त्याला लागला. त्याच्यापाशी विकलेल्या प्लॉटचा कागद होता, पण तो कागद घेऊन तो कुणाकुणाच्या दारात जाणार होता?

त्या दिवसापासून आम्ही एका प्रश्नाचा पिच्छा धरला. निवडणुकीचा खर्च सरकारी तिजोरीतून का होऊ नये? उमेदवाराला पैसा कुणाचा, या प्रश्नाला 'सगळ्यांचा' असं उत्तर देता आलं, तर 'किसने खडा किया' हा सवालच मिटणार नाही का?

ही कल्पना काही नवी नाही. 1998 साली केंद्र सरकारने कॉम्रेड इंद्रजित गुप्त यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. डॉ. मनमोहन सिंग, सोमनाथ चॅटर्जी यांच्यासारखी माणसं तिच्यात होती. समितीने म्हटलं की निवडणुकीसाठी सरकारने मदत करणं न्याय्य आहे, पण रोख नको, वस्तुरूपाने द्या. म्हणजे डिझेल-पेट्रोल, छपाईचा कागद, टपाल तिकिटं, मतदारयाद्या, लाऊडस्पीकर. केंद्राने दरवर्षी 600 कोटी आणि सर्व राज्यांनी मिळून तेवढेच घालून निवडणूक निधी उभारावा, असंही सुचवलं. आम्ही ते वाचत असताना आमच्या वहीची पानं डोळ्यांपुढे येत होती. जीपचं डिझेल, पत्रकांचा कागद, यादी, भोंगा. जणू कुणी आमच्याच वहीवरून शिफारस लिहिली होती! पण पुढची ओळ वाचली आणि थांबलो. ही मदत फक्त मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्य पक्षांना द्यावी, अपक्षांना नाही, असं समितीचं मत होतं.

याला कारण नव्हतं असं नाही. सरकार पैसे देतंय म्हटल्यावर उमेदवारांची जत्रा भरेल. 2024 च्या महाराष्ट्र विधानसभेला 288 जागांसाठी 4,136 उमेदवार उभे होते, त्यांतले निम्म्याहून थोडे अधिक अपक्ष. या सगळ्यांना सरकारने डिझेल पुरवलं तर ते जीपमध्ये जाईल की गावच्या पंपसेटमध्ये, हे सांगायला ज्योतिषी नको. पण म्हणून अपक्षाला आणि छोट्या पक्षाला वगळलं, तर ज्यांच्यापाशी आहे त्यांनाच आणखी मिळणार.

आणि खरं सांगायचं तर सरकारी मदत आजही आहे, फक्त तिला तसं कुणी म्हणत नाही. पक्षांच्या उत्पन्नाला आयकरात माफी आहे. आकाशवाणी आणि दूरदर्शनवर प्रचारासाठी मोफत वेळ मिळतो, तोही मान्यताप्राप्त पक्षांनाच. मतदारयादीचं वर सांगितलंच. ही सारी जनतेच्याच खिशातली मदत. ती वरच्या ओसरीवर वाढली जाते, अंगणातल्यांनी वास घ्यायचा.

विधी आयोगाने 1999 च्या आपल्या 170 व्या अहवालात एक मुद्द्याची गोष्ट मांडली. सरकारने पूर्ण खर्च करायचा असेल तर पक्षांना दुसरीकडून पैसा घ्यायला बंदी हवी आणि त्याआधी पक्षांच्या अंतर्गत कारभाराला शिस्त हवी. नाहीतर सरकारचा पांढरा पैसा आणि शेठजीचा काळा पैसा एकाच हंडीत शिजणार. 2015 च्या 255 व्या अहवालात आयोगाने पूर्ण सरकारी खर्च व्यवहार्य नाही असं म्हटलं आणि वस्तुरूप मदतीपुरती संमती दिली. निवडणूक आयोगही या कल्पनेला फारसा अनुकूल राहिलेला नाही. सरकारी पैशावर उमेदवार स्वतःचा पैसा ओततील तो कसा रोखणार, हा त्याचा प्रश्न रास्तच आहे.

तो रोखण्याचे प्रयत्न आपल्या देशात कसे झाले तेही पाहा. 1969 साली कंपन्यांनी पक्षांना देणग्या देण्यावर बंदी आली, पण सरकारी निधीचा पर्याय काही आला नाही. पैसा थांबला नाही, तो टेबलाखालून जाऊ लागला. 1985 साली बंदी उठली. 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात सांगितलं की उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही त्याच्या मर्यादेत धरला पाहिजे. लगेच कायदा बदलून तो निकाल निष्प्रभ करण्यात आला. पुढे 2003 मध्ये त्यात पुन्हा फेरफार झाले, तरी पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराच्या खर्चाला कमाल मर्यादा अजून नाही. 2024 च्या विधानसभेला उमेदवाराची मर्यादा 40 लाख होती. एका बाजूला कुलूप आणि दुसऱ्या बाजूला भिंतच नाही, असं हे घर.

मग निवडणूक रोखे आले. 2018 साली सुरू झालेल्या या योजनेत कोणी कोणाला किती दिले हे मतदाराला कळणार नव्हतं. सुमारे साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेले. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली. पक्षाला पैसा कुठून येतो हे जाणण्याचा मतदाराला अधिकार आहे, असा त्या निकालाचा गाभा. आम्हाला वाटलं, मशिदीच्या पायऱ्यांवरचा प्रश्न अखेर दिल्लीपर्यंत पोचला म्हणायचा! आमच्या मोटार वायंडिंगवाल्याला लोक विचारतात, किसने खडा किया. हाच प्रश्न ज्यांना विचारायला हवा होता, त्यांना सहा वर्षं तो विचारायची सोयच नव्हती.

तर मग तोड काय? आम्हाला त्यातल्या त्यात पटलेलं उदाहरण सातासमुद्रापलीकडचं आहे. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात मेन नावाचं एक छोटं राज्य आहे. तिथल्या लोकांनी 1996 साली सार्वमत घेऊन एक कायदा केला आणि 2000 च्या निवडणुकीपासून तो वापरात आला. त्यातली गोम अशी: उमेदवाराला सरकारी पैसा हवा असेल तर त्याने आधी आपल्या मतदारांकडून पाच-पाच डॉलरच्या देणग्या जमवून दाखवायच्या. राज्याच्या कनिष्ठ सभागृहासाठी साठ मतदारांच्या, वरिष्ठ सभागृहासाठी पावणेदोनशे मतदारांच्या. हे पाच डॉलर त्याच्या खिशात जात नाहीत, सरकारी निधीत जमा होतात. ते फक्त एवढंच सिद्ध करतात की या माणसामागे माणसं आहेत. तेवढं सिद्ध झालं की सरकार त्याला प्रचारासाठी ठरलेली रक्कम देतं आणि त्यानंतर त्याने कुणाकडूनही, स्वतःच्या खिशातूनही, पैसा घालायचा नाही. हा मार्ग सक्तीचा नाही. ज्याला शेठजीचा पैसा हवा त्याने तो नियमाप्रमाणे घ्यावा, पण मग सरकारी निधी नाही.

ॲरिझोना राज्यात 1998 साली लोकांनी असाच कायदा मंजूर केला. कनेक्टिकटमध्ये तर राज्याच्या गव्हर्नरला भ्रष्टाचाराच्या प्रकरणात 2004 साली पायउतार व्हावं लागलं आणि पुढच्याच वर्षी विधिमंडळाने निवडणूक निधीचा कायदा केला. तिथेही सारं आलबेल नाही. प्रतिस्पर्ध्याने जास्त खर्च केला तर सरकारी निधीवाल्याला वाढीव रक्कम देण्याची तरतूद होती, ती 2011 साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केली. उमेदवाराशी संबंध नसल्याचं सांगून बाहेरचे गट हवा तेवढा पैसा ओततात, त्यालाही अटकाव नाही. मेनच्या लोकांनी मात्र हार मानली नाही. 2015 साली पुन्हा मतदान करून त्यांनी कायदा दुरुस्त केला. आणखी मतदारांचे पाच-पाच डॉलर आणा, आणखी निधी घ्या, अशी वाट काढली.

मेनच्या कनिष्ठ सभागृहाचा एक मतदारसंघ जेमतेम नऊ हजार वस्तीचा, आपल्याकडे एका विधानसभेला सरासरी तीन लाखांहून अधिक मतदार. तेव्हा तिथला आकडा इथे चालणार नाही, पण तत्त्व चालेल. समजा, मतदारसंघातल्या शंभरातल्या एका मतदाराने दहा रुपये देऊन सही करायची. म्हणजे तीन हजारांवर सह्या, तीन हजारांवर पावत्या. पैसे उमेदवाराला नाहीत, निधीला. पक्षाचा असो वा अपक्ष, नियम एकच. हौशे-गवशे तिथेच गळतील, कारण तीन हजार माणसांकडून दहा रुपये काढणं ही खायची गोष्ट नाही. आता खर्चाचा अंदाज घेऊ. प्रत्येक मतदारसंघात चार उमेदवार पात्र ठरले आणि प्रत्येकाला 40 लाखांची पूर्ण मर्यादा दिली, तरी 288 मतदारसंघांचे होतात सुमारे 461 कोटी. 2024 साली राज्यात मतदार होते सुमारे 9 कोटी 70 लाख. म्हणजे मतदारामागे 48 रुपयांच्या आत, तेही पाच वर्षांतून एकदा. वर्षाला दहा रुपयेसुद्धा नाहीत. सरकारने उमेदवारांवर पैसा का उधळावा, हा पैसा शाळा-दवाखान्यांना द्या, असं म्हणणाऱ्यांचं मन आम्ही जाणतो. पण जो आमदार शेठजीच्या पैशावर निवडून येतो, तो शाळेच्या आणि दवाखान्याच्या जागेचं काय करतो हेही आपण पाहिलेलं आहे.

आमच्या समाजापुरतं बोलायचं तर यात आमचं अधिक अडलेलं आहे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात मुस्लिमांचं प्रमाण साडेअकरा टक्के. 2024 च्या विधानसभेत निवडून आलेले मुस्लिम आमदार 288 पैकी दहा, त्यांत स्त्री एकच. याची कारणं अनेक आहेत, सगळं खापर पैशावर फोडणं बरोबर नाही. पण तिकीट वाटताना पक्ष पहिला प्रश्न विचारतात तो 'कितना लगाएगा' हाच, आणि यंत्रमागावरची, फळगाड्यावरची, गॅरेजमधली आमची माणसं तिथेच गारद होतात. बाईमाणसाचं तर नावच नको. मग उरतात दोनच वाटा: एक पैसेवाल्यांची, दुसरी दुसऱ्याच्या पैशाने मतं खायला उभं राहण्याची. मालेगाव मध्य मतदारसंघात 2024 साली हारजीत 162 मतांनी ठरली. जिथे इतक्या थोड्या मतांवर आमदार ठरतो, तिथे मतं खाणाऱ्याची किंमत किती वाढते, हे वेगळं सांगायला नको. आणि त्या बाजारात प्रामाणिक माणसाची अब्रू सगळ्यात आधी विकली जाते, त्याने न विकताच.

हा कायदा उद्या होईल असा आमचा भाबडा समज नाही. ज्यांनी तो करायचा, ते जुन्याच रीतीने निवडून आलेले आहेत. पण त्यातलं एक काम असं आहे, ज्यासाठी कुठल्या कायद्याची गरज नाही. आपल्या वस्त्यांना चंदा नवा नाही. मशिदीच्या छताला, मदरशाच्या खोलीला, गरिबाच्या मुलीच्या लग्नाला आपण दहा-वीस रुपये देतो, पावती घेतो आणि पुढच्या जुम्म्याला हिशेबही मागतो. चंदा देणाऱ्याचा आवाज किती मोठा असतो, हे कुठल्याही ट्रस्टीला विचारा. फक्त निवडणुकीत आपण उलटे वागतो. तिथे आपण देत नाही, घेतो. पाकीट घेतो, बिर्याणी घेतो, आणि घेणाऱ्याला हिशेब मागता येत नाही. ज्याने पाचशे रुपये घेतले त्याचं तोंड पाच वर्षं बंद. ज्याने दहा रुपये दिले असते, त्याने नळाला पाणी का नाही म्हणून आमदाराला रस्त्यात अडवलं असतं.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. पुढच्या खेपेला आपल्यातला एखादा साधा माणूस उभा राहिला, तो मोटारी बांधणारा असो, शिवणकाम करणारी बाई असो, हिंदू असो, मुसलमान असो, दलित असो, आणि त्याचं काम आपल्याला ठाऊक असेल, तर 'किसने खडा किया' असं विचारण्याआधी त्याच्याकडे पावतीबुक मागावं. दहा रुपये द्यावेत, पावतीवर आपलं नाव घालायला सांगावं आणि पावती घरी जपून ठेवावी. मग कुणी विचारलंच की याला कुणी उभा केला, तर ती पावती काढून दाखवता येईल आणि म्हणता येईल, "हमने."